उंट एक घर मागे

मुलुंड (पूर्व),
११ ऑगस्ट २०२५

श्री. पद्माकरराव यांस,
यथायोग्य, किंबहुना योग्यतेहून किंचित अधिक, नमस्कार.

आपले पत्र काल पावले. आपण उंट पुढे आणून माझ्या घोड्याचा मार्ग रोखलात, हे वाचून मी चष्मा पुसला, पुनश्च वाचले आणि वसुधेस विचारले, तुझ्या धाकट्या बहिणीचे यजमान कुशल आहेत ना? कारण ही चाल उत्तम आहे. आपल्या दीर्घ साडूपणात आपल्या हातून उत्तम म्हणावे असे काही घडल्याचे मला स्मरत नाही. रेवतीशी विवाह ही गोष्ट उत्तम होती. परंतु तो निर्णय रेवतीचा होता.

विम्याचा दावा नाकारताना आमच्या कार्यालयात प्रथम कराराच्या अटी उद्धृत करण्याचा शिरस्ता आहे. त्यास अनुसरून आपणास स्मरण देतो. आपले उभयतांचे श्वशुर अण्णा यांची मालाडची इमारत पुनर्विकासात जात असून दिवाळीनंतर त्यांना घर रिकामे करावयाचे आहे. नवी इमारत उभी राहीपर्यंत अण्णांनी कोणाकडे राहावे, यावर त्यांच्या दोन्ही कन्यांत जे युद्ध पेटले ते शमविण्यासाठी अण्णांनी निवाडा दिला, की दोघा जावयांनी एक डाव खेळावा. जो जिंकेल त्याच्या घरी अण्णा येतील, आणि त्यांच्यासह ते शिसवी पटाचे टेबलही, ज्यावर मुलगी पाहावयास आलेल्या आपणा दोघांस त्यांनी कांदेपोहे येण्यापूर्वीच पराभूत केले होते. डाव टपालाने खेळावा, एका पत्रात एक चाल, प्रत्येक चालीचे पोस्टकार्ड अण्णांस. 'फोनवर अंगठ्याने पाठवलेली चाल अंगठ्यानेच विचार करून सुचलेली असते,' हे त्यांचे वचन. शेवटची अट अशी, की ज्याचे त्याने खेळावे. परकी मदत नको.

ही शेवटची अट मी अधोरेखित करतो. कारण आपल्या सुकन्येने, चि. इरावतीने, अंधेरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तीन सोबत्यांसह बुद्धिबळ खेळणारे एक इंजिन प्रकल्प म्हणून रचले आहे. 'अडीचघर' हे त्याचे नाव. ते म्हणे सर्वांस खुले आहे. कोणीही वापरावे, कोणीही उघडून आतली रचना पाहावी, बदलावी, घरी न्यावी. पंगतीत वाटेल त्याने बसावे आणि उठताना आचाऱ्याकडून कृतीही लिहून घ्यावी, अशी ती व्यवस्था. अशा पंगतीत यजमानीणबाईंचे तीर्थरूप उपाशी राहत असतील, हे मानण्यास माझे मन धजत नाही.

मी आरोप करीत नाही. निरीक्षण करतो. आरोप यथावकाश करीन.

माझी चाल: हत्ती एक घर डावीकडे.

आपला,
अनंत

---

बोरिवली (पश्चिम),
१६ ऑगस्ट २०२५

अनंतराव,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. चाल शेवटच्या ओळीत सापडली. तुमच्या विमा कंपनीची पत्रंही अशीच असतात. माणूस आशेने वाचत जातो आणि नकार तळाशी असतो.

इंजिनाबद्दल. मी मरोळला लिफ्टच्या कंपनीत आयुष्य घातलं. यंत्राचं काय ऐकायचं आणि काय नाही हे मला कळतं. घरातला संगणक इरावतीचा, तो ती रोज कॉलेजात नेते. फोनवर मी फक्त बातम्या बघतो. माझ्या चाली चांगल्या होतायत याचं कारण मी विचार करतोय. तुम्हाला ही गोष्ट ओळखीची नसल्यामुळे संशय आला असेल.

आणि निरीक्षणं आमच्याकडेही होतात. वसुधाताई रेवतीला सांगत होत्या, की दर रविवारी दुपारी तुम्ही खोलीचं दार लावून लॅपटॉप घेऊन बसता आणि विचारलं तर म्हणता, दावे तपासतोय. इतर वारी माणसं मरत नाहीत का अनंतराव, की तुमच्याकडे रविवारीच मरतात?

अण्णांसाठी खिडकीजवळ खाट घातली आहे. समोर बाग दिसते. तुमच्याकडे समोरच्या इमारतीचा संडासाचा पाइप दिसतो, असं मागच्या वेळी पाहिल्याचं आठवतं.

चाल: उंट एक घर मागे.

पद्माकर

---

मुलुंड (पूर्व),
२२ ऑगस्ट २०२५

श्री. पद्माकरराव यांस,
उंटासह नमस्कार.

आपण उंट मागे घेतलात. मागल्याच पत्रात ज्या उंटास आपण सिंहासनावर बसविले त्यास आता अडगळीत धाडलेत. आपण ज्यास विचार म्हणता तो हाच असेल, तर त्याच्याशी माझा परिचय नाही याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आपल्या बागेविषयी वाचले. ती बाग पाहण्यासाठी अण्णांना तीन मजले चढावे लागतील, कारण लिफ्ट कंपनीत आयुष्य घातलेल्या गृहस्थाच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट जूनपासून बंद आहे. वैद्याच्या घरी ताप असावा हे समजू शकते. परंतु वैद्याने तापाला सुटा भाग मिळत नाही म्हणून सांगावे, हे अपूर्व आहे. आमचे घर तळमजल्यावर आहे. अण्णांची खोली रंगवून घेतली. टेबलासाठी पूर्वेकडील कोपरा मोकळा केला, तेथील शिवणयंत्र वसुधेने अश्रू न ढाळता हलविले.

प्रदीर्घ चिंतनान्ती माझी चाल: हत्ती एक घर उजवीकडे, म्हणजे स्वस्थानी. यामागील हेतू आपल्या ध्यानात येणार नाही. येऊ नये असाच तो योजला आहे.

आपला,
अनंत

---

बोरिवली (पश्चिम),
३० ऑगस्ट २०२५

अनंतराव,

मालाडला गणपतीत भेट झाली तरी डावाबद्दल बोलायचं नाही हे अण्णांचं बंधन होतं म्हणून गप्प बसलो. तुम्हीही गप्प बसलात, हे पाहून आरतीला आलेल्या शेजाऱ्यांनी तुमची तब्येत विचारली.

तुम्ही बाहेर चपला शोधत होतात तेव्हा आत काय झालं ते सांगतो. रेवती म्हणाली, "ताई, अण्णांना मुलुंडला करमायचं नाही गं. भावजींचं बोलणं म्हणजे रोज कीर्तन, आणि उठूनही जाता येत नाही." वसुधाताई म्हणाल्या, "आणि तुझ्याकडे काय गं? वर चढवलं की माणूस तिथेच. खाली यायचं तर भाजीच्या पिशवीसारखं दोरीने सोडणार का?" अण्णा मोदक खात होते. म्हणाले, "दोघी माझ्याच. डाव संपू दे." मग माझ्याकडे बघून विचारलं, "पद्माकरराव, उंट मागे का घेतलात हो?" मी म्हटलं, "पुढचा विचार आहे अण्णा." ते म्हणाले, "असं होय," आणि हातातल्या मोदकाकडे बराच वेळ बघत राहिले.

त्या घरातला हा शेवटचा गणपती. भिंतीवरची घड्याळं, तसबिरी उतरवल्यात. टेबल मात्र मधोमध, वर आपला डाव मांडलेला. त्यांनी ते झाकून ठेवलं होतं, आपल्याला दिसू नये म्हणून. फडकं वसुधाताईंच्या जुन्या परकराचं होतं.

तुमचा हत्ती गेला आणि आला. मुलुंडवरून ठाण्याला जाऊन काही न घेता परत यावं, तसं.

चाल: उंट परत जागेवर.

पद्माकर

---

मुलुंड (पूर्व),
३ सप्टेंबर २०२५

चि. इरावतीस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू तुझ्या 'अडीचघर'विषयी इतक्या जणांस इतके समजावून सांगत होतीस, की मला रांगेत उभे राहूनही प्रवेश मिळाला नाही. म्हणून हे पत्र. माझ्या परिचयातील एका विद्वान गृहस्थास एक तात्त्विक शंका आहे. यंत्राने सुचविलेली चाल ही सदैव श्रेयस्कर मानावी काय? त्या गृहस्थाचा अनुभव असा, की यंत्राचा सल्ला वरकरणी निष्फळ भासतो, परंतु त्यात काही गूढ असावे असे वाटून मनुष्य त्याचे अनुसरण करीत राहतो.

हा प्रश्न केवळ ज्ञानार्थ आहे. तुझ्या बाबांस कळविण्याचे प्रयोजन नाही. त्यांस ज्ञानाचा त्रास होतो.

तुझा,
अनंतकाका

---

अंधेरी,
८ सप्टेंबर २०२५

प्रिय अनंतकाका,

तुमचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं, शिपाईकाका वर्गात घेऊन आले आणि सगळ्यांना वाटलं कोर्टाची नोटीस. आता उत्तरही कागदावर लिहितेय. आमच्या ग्रुपमधला प्रितम म्हणतो, मी शाई वापरताना फार म्हातारी दिसते.

तुमच्या विद्वान मित्रांना सांगा, आमचं इंजिन वाटतं तितकं हुशार नाही. ते समोरची मांडणी बघतं, पुढच्या हजारो शक्यता चाळतं आणि त्यातली बरी चाल सांगतं. गूढ वगैरे काही नाही. गूढ वाटलं तर बहुतेक आमची चूक असते, आणि ती कळवायला साइटवर तक्रारींचं पान आहे. कोणीही लिहू शकतं, सगळ्यांना दिसतं, कोणाला जमलं तर त्याने दुरुस्त करून पाठवायचं. खुल्या कोडची तीच तर मजा आहे.

आणि काका, सांगायचं म्हणजे, आम्हाला खरे वापरकर्ते मिळालेत. अगदी अनोळखी. दोन. एक स्वतःला 'चतुरंगधुरंधर' म्हणवतात आणि लिहितात, 'प्रस्तुत यंत्राची मतिमंदता चिंतनीय आहे.' प्रितमच्या मते ते वाराणसीचे संस्कृतचे प्राध्यापक असावेत. दुसऱ्याचं नाव 'एक त्रस्त नागरिक'. त्यांची तक्रार एवढीच असते: 'चालत नाही. बघा.' ऑक्टोबरमध्ये बाहेरचे परीक्षक येणार आहेत. ते सगळ्यांना एकच विचारतात, तुमची वस्तू घरच्यांशिवाय वापरतं कोण? बाकीच्या ग्रुपांची तिथेच वाट लागते. आमच्याकडे उत्तर आहे.

इरावती

---

मुलुंड (पूर्व),
१२ सप्टेंबर २०२५

श्री. पद्माकरराव यांस,
नमस्कार.

आपला उंट तीर्थयात्रा आटोपून स्वगृही आला. पुण्य किती मिळाले ते त्यासच ठाऊक.

मी काही काळ मौन पाळून पटाचे अवलोकन केले आणि एका निष्कर्षाप्रत आलो. सामान्य खेळाडू आक्रमण करतो ते एकदा. असामान्य खेळाडू आक्रमणाची केवळ शक्यता पुनःपुन्हा प्रकट करून प्रतिपक्षाचे मनोधैर्य झिजवितो, जसा समुद्र खडकास झिजवितो. आमच्या कंपनीतही दावेदारास आम्ही तेच कागद पुनःपुन्हा मागतो. चौथ्या वेळेस तो स्वतःच्या मृत्यूविषयी साशंक होतो.

म्हणून: हत्ती एक घर डावीकडे.

ही चाल पूर्वी झाली आहे, असे आपण म्हणाल. बाह्यतः झाली आहे. तिचा आशय नवा आहे.

ता.क. अण्णांसाठी पाय टेकवावयाचे लाकडी पाटही करून घेतले. आपण अद्याप लिफ्टच्या सुट्या भागाचीच प्रतीक्षा करीत असाल.

आपला,
अनंत

---

बोरिवली (पश्चिम),
१७ सप्टेंबर २०२५

अनंतराव,

मीही विचार केला. फार खोलवर. तुमच्या समुद्राला माझं उत्तर असं: उंट एक घर मागे.

तुम्ही म्हणाल हीच चाल पूर्वी केली होती. हो. कारण ती बरोबर होती. लिफ्ट एकाच मार्गाने वर जाते आणि खाली येते. कोणी तिला नवा मार्ग शोध म्हणत नाही.

माझ्या ऑफिसातले नितेश साळवी चांगले खेळतात. त्यांना हा डाव दाखवला, नावं न सांगता. ते म्हणाले, हे दोघे एक तर मोठे उस्ताद आहेत, नाहीतर दोघे झोपलेत. मी त्यांना सांगितलं, पांढरा झोपलाय.

अण्णांचा फोन होता. गॅलरीतली तुळस कोणाकडे द्यायची विचारत होते. मी म्हटलं, बोरिवलीलाच आणा, सगळं एकाच टेम्पोत येईल. ते हसले. मुलुंडचं नाव काढलं नाही.

पद्माकर

---

अंधेरी,
६ ऑक्टोबर २०२५

बाबा आणि अनंतकाका,

हे एकच पत्र आहे, दोन प्रती काढून दोघांना पाठवतेय. बाबा, तुम्ही घरीच भेटता, तरी तुम्हालाही टपालानेच. तोंडावर बोलले तर मी ओरडेन आणि आई मध्ये पडेल.

काल मालाडला आजोबांची भांडी बांधायला गेले होते. पंख्याने टेबलावरचं फडकं उडालं आणि तुमचा डाव दिसला. ती मांडणी मी ओळखली. ती मला पाठ आहे, कारण गेला महिनाभर आमच्या तक्रारींच्या पानावर दोन माणसं तीच मांडणी पुन्हा पुन्हा पाठवून रडतायत. 'चतुरंगधुरंधर' पांढऱ्याकडून. 'एक त्रस्त नागरिक' काळ्याकडून. दोघांची तक्रार एकच, की इंजिन त्याच त्या चाली सांगतं.

सांगतं, कारण तुम्ही दोघं दर वेळी साइटवर जाऊन फक्त आजची मांडणी भरता. आधीच्या चाली भरतच नाही. त्यामुळे इंजिनाला दर वेळी वाटतं, डाव आत्ताच इथून सुरू झाला. ते हत्ती डावीकडे सांगतं. मग दुसऱ्या घरी उंट मागे सांगतं. मग हत्ती उजवीकडे. मग उंट जागेवर. मग परत पहिल्यापासून. मांडणी फिरून तीच आली, हे त्याने ओळखायला हवं ही सोय आम्ही केली नव्हती, ती आमची चूक, कबूल. पण त्याला आठवण नाही. तुम्हाला तर होती ना?

काल रात्री बाबांच्या कपाटातली पत्रं आणि त्यांचे कच्चे खर्डेही वाचले. म्हणजे काका, तुमचा समुद्र आणि बाबा, तुमची लिफ्ट, दोन्ही माझंच इंजिन. ते दोन महिने स्वतःशीच खेळतंय. टपालाने. तिकीट लावून.

पुढच्या आठवड्यात परीक्षक येतील. विचारतील, घरच्यांशिवाय वापरतं कोण. मी काय सांगू? वापरकर्ते दोन. दोघं घरचे. दोघंही चोरून.

आजोबांना मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा.

इरावती

---

मुलुंड (पूर्व),
९ ऑक्टोबर २०२५

श्री. पद्माकरराव यांस,

नमस्कार वगळला आहे.

आपण यंत्राचे साहाय्य घेत होतात, हे आता निर्विवाद सिद्ध झाले. माझ्यासंबंधी चि. इरावतीचा किंचित गैरसमज झाला आहे. आपण यंत्र वापरता काय, हे पडताळण्यासाठी मला यंत्रास प्रश्न विचारणे क्रमप्राप्त होते. त्याचे उत्तर माझ्या स्वतःच्या मताशी वारंवार जुळले, हा योगायोग. अन्वेषकास चोर म्हणणे हे केवळ चोरासच सुचते.

अण्णांस हे आपण कळवावे. मी वयाने ज्येष्ठ असल्याने मजकूर तपासून देईन.

अनंत

---

बोरिवली (पश्चिम),
९ ऑक्टोबर २०२५

अनंतराव,

तुमचं पत्र यायच्या आत लिहितोय, कारण त्यात काय असणार हे मला माहीत आहे.

मी एकदाच विचारलं होतं, मे महिन्यात. अडकलो होतो. मग सवय लागली. तुम्ही कधीपासून विचारताय ते मला ऐकायचं नाही, तुम्ही 'पडताळणी' म्हणाल.

रेवती दोन दिवस बोलत नाही. काल एवढंच म्हणाली, "बाबांना इथे आणायचं होतं ना? मग एक डाव स्वतःच्या डोक्याने हरता आला नाही?" यात हरून आणणार कसं हे मी विचारलं नाही.

अण्णांना तुम्ही कळवा. तुम्हाला नकार लिहायची सवय आहे.

पद्माकर

---

मालाड,
१८ ऑक्टोबर २०२५

चि. अनंतराव आणि चि. पद्माकरराव यांस,
आशीर्वाद.

तुम्हा दोघांची कबुली देणारी पत्रे एकाच टपालात आली. दोघांनीही एकमेकांचा गुन्हा सविस्तर लिहिला आहे. दोन्ही वाचून घेतली, म्हणजे सगळे समजले.

मी महापालिकेच्या जलखात्यात होतो. नळाला अचानक जोर आला की कोणीतरी मोटर लावली, हे बसल्या जागी कळायचे. तुमच्या चाली पावसाळ्याच्या आधी अचानक बऱ्या होऊ लागल्या तेव्हाच समजलो. तुम्ही दोघे इतके बरे कधीच खेळला नव्हता. मुलगी पाहायला आलात तेव्हाही नाही.

बोललो नाही. घरातले सामान एकेक करून बांधले जात होते, टीव्हीसुद्धा खोक्यात गेला होता. टेबलावर तुमचा डाव तेवढा उघडा होता. रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायचो. तीच मांडणी सप्टेंबरच्या शेवटी तिसऱ्यांदा आली. नियमाने डाव तिथे बरोबरीत सुटतो. परंतु बरोबरी मागावी लागते. दोघांपैकी एकाने नुसते म्हटले असते, की अण्णा, हे तेच तेच होते आहे, तर मी त्यालाच विजयी मानायचे ठरवले होते. पोस्टकार्डाची वाट पाहिली. पोस्टकार्ड आले. हत्ती एक घर डावीकडे.

तुम्हाला मी हवा होतो, याबद्दल शंका नाही. एकाने खोली रंगवली, एकाने खाट आणली. फक्त माझ्यासाठी थोडा वेळ पटासमोर बसायचे राहिले.

आता निकाल. तुमच्या उंटानेच मला मार्ग दाखवला आहे. मी तीन महिने मुलुंडला राहीन, तीन महिने बोरिवलीला. मग परत मुलुंड. इमारत उभी राहीपर्यंत असाच जाईन आणि येईन. माझ्यासोबत टेबल. टेबल प्रत्येक वेळी तुम्ही दोघांनी उचलायचे. हमाल लावायचा नाही. शिसव आहे, जड आहे. बोरिवलीची लिफ्ट बंद असली तर जिन्याने. आणि मी ज्या घरी असेन तिथल्या जावयाने संध्याकाळी फोन तांदळाच्या डब्यात ठेवायचा आणि माझ्यासमोर बसायचे.

इरावती आली होती, रडवेली होती. तिला म्हटले, तुझे यंत्र तू दुरुस्त कर, यांची दुरुस्ती मी करतो.

अण्णा

---

मुलुंड (पूर्व),
२ मार्च २०२६

श्री. पद्माकरराव यांस,
नमस्कार पूर्ववत सुरू केला आहे.

परवा टेबल आपल्या तिसऱ्या मजल्यावर चढविताना आपण वरील बाजू धरलीत आणि मला खालील बाजू दिलीत. भौतिकशास्त्रानुसार भार खालच्यावर येतो. लिफ्ट कंपनीत आयुष्य घातलेल्या माणसास हे ज्ञात नसावे, हे असंभव. म्हणून मी यास कट मानतो. दुसऱ्या वळणावर आपण जिन्यात टेबल टेकवून "जरा दम खा अनंतराव" म्हणालात, तेव्हा दम मी खात नव्हतो, आपण खात होतात, आणि अण्णा खालून काठीने पायरी ठोकत "उंट गेला, आता येऊ दे" म्हणत होते. ते हसत होते की दमले होते, हे मला कळले नाही. आपणास कळले असल्यास लिहावे.

त्यांच्या गोळ्या निळ्या डब्यात आहेत. सकाळची गोळी ते घेतली म्हणतात आणि घेत नाहीत. चहा दुसऱ्यांदा मागतील तेव्हा द्यावा, तो पहिलाच असतो. पटावर बसले की मधूनच आपल्या हातावर चापट मारतील. मारू द्यावी. तीन महिन्यांत मी त्यांच्याशी रोज खेळलो आणि रोज हरलो. एकदा बरोबरी होण्याचा योग आला होता, मी ती मागितली, तर म्हणाले, "आता मागता?"

चि. इरावतीचे वृत्त वसुधेकडून समजले. परीक्षकांनी विचारले, यंत्राची सर्वांत मोठी चूक कशी सापडली? तिने आपले आणि माझे नाव, नात्यासह, सांगितले. म्हणे परीक्षक पाणी प्यायला बाहेर गेले आणि आत आल्यावर अधिक काही न विचारता गुण दिले. दुरुस्तीच्या नोंदीत तिने आपणा दोघांचे आभारही मानले आहेत, आणि ते जगात कोणालाही वाचता येतात. खुलेपणाचा इतका अतिरेक मला मान्य नाही.

येथे पूर्वेचा कोपरा रिकामा आहे. वसुधा म्हणते, तीन महिने शिवणयंत्र तिथे ठेवू. मी नकार दिला. कारण विचारले तर सांगितले, प्रकरण विचाराधीन आहे.

अण्णा आपल्याकडे असेपर्यंत मला संध्याकाळी काही उद्योग नाही. म्हणून नवा डाव आरंभितो, टपालाने. उत्तर देताना घाई करू नये. अण्णांस दाखविण्यास हरकत नाही, परंतु ते हसले तर मला कळवू नये.

घोडा पटाच्या अगदी कडेला, जेथे ठेवल्यास अण्णा हातावर चापट मारतात.

ही चाल माझी आहे. ती पाहिल्यावर त्याचा पुरावा मागण्याची आपणास गरज भासणार नाही.

आपला,
अनंत